उष्णतेची वाट : घरगुती संगणक का तापतो आणि तो थंड कसा ठेवावा

मे महिन्यातील एखादी दुपार डोळ्यांसमोर आणावी. दिल्ली, नागपूर, अहमदाबाद, पाटणा, यांपैकी कोणत्याही शहरातील एक साधे घर. बाहेर पारा ४३ अंश सेल्सिअसवर पोचलेला आहे. घरातील मुलगी महाविद्यालयाचा प्रकल्प-अहवाल संगणकावर पुरा करीत आहे. कॅबिनेटमधील पंख्याची घरघर वाढत जाते, अक्षरे पडद्यावर उशिराने उमटू लागतात आणि एकाएकी पडदा काळा होतो. कळ दाबताच संगणक पुन्हा सुरू होतो, पण या वेळी तो पाच मिनिटेही टिकत नाही. साठवून न ठेवलेला मजकूर नाहीसा होतो. घरातील एक जण म्हणतो, संगणकात व्हायरस शिरला असावा. दुसऱ्याच्या मते यंत्र जुने झाले, आता नवे घेण्यावाचून गत्यंतर नाही.

पुष्कळदा यांपैकी एकही निदान खरे नसते. यंत्र बिघडलेले नसते, ते अति तापलेले असते; आपल्या नाजूक भागांना इजा पोचू नये म्हणून ते आपण होऊन बंद पडते. अशा वेळी एखादा कुंचला, थोडी पेस्ट आणि तासाभराची मेहनत यांनी जे साधले असते, त्यासाठी अनेक कुटुंबे हजारो रुपये खर्च करतात. म्हणून ही उष्णता कोठून येते, कोणत्या वाटेने बाहेर पडते आणि ती वाट कोठे अडते, हे प्रत्येक संगणकधारकाने समजून घेणे हिताचे आहे.

उष्णता येते कोठून?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे ती ही की, संगणकाचे तापणे हा मुळात दोष नव्हे. विजेचा पंप पाणी वर चढवतो, तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा काही अंश उंचीवरील पाण्यात साठून राहतो. संगणकात असे काही साठत नाही. त्याने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. १०० वॉट वीज वापरणारा संगणक खोलीला जितकी उष्णता देतो, तितकीच १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा देत असे. फरक आहे तो जागेचा. दिव्याची उष्णता काचेच्या मोठ्या गोळ्यावर पसरते. प्रोसेसरची उष्णता मात्र अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीत उत्पन्न होते.

या चकतीवर कोट्यवधी, आणि आजच्या प्रोसेसरांत तर अब्जावधी, ट्रान्झिस्टर असतात. त्यांची उघडझाप दर सेकंदाला अब्जावधी वेळा चालते आणि प्रत्येक उघडझापीत अल्पसा विद्युतभार हलतो. या क्रियेत खर्च होणारी शक्ती उघडझापीच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि विद्युतदाबाच्या तर वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दाब आणि वेग हे दोन्ही १० टक्क्यांनी कमी केले, तर या हिशेबाने शक्तीचा खर्च सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. पुढे उपायांचा विचार करताना हा नियम आपल्या उपयोगी पडेल.

उष्णतेचा हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १९४६ साली जाहीर झालेल्या 'एनिॲक' या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि ते सुमारे १५० किलोवॉट वीज वापरी. ते थंड ठेवण्यासाठी त्यातून सतत हवा खेळवावी लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार होऊन १९६० साली कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' हा संगणकही निर्वात नळ्यांचाच होता. त्या काळी मोठ्या संगणकांसाठी वातानुकूलित दालने बांधीत आणि ती राखण्यासाठी वेगळी माणसे नेमीत.

पुढे यंत्रे लहान झाली. १९७१ सालच्या इंटेल ४००४ या प्रोसेसरवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याला पंख्याची गरज नव्हती. परंतु वेग वाढत गेला तशी उष्णताही वाढली. १९९३ साली आलेल्या पेंटियमला धातूचा हीट सिंक आणि बहुधा त्यावर पंखा लावावा लागला. २००४ च्या सुमारास घरगुती प्रोसेसरांनी १०० वॉटची मर्यादा ओलांडली, तेव्हा केवळ वेग वाढवीत नेण्याचा मार्ग उष्णतेनेच रोखून धरला. उत्पादकांना एका चकतीवर अनेक गाभे बसवण्याच्या दिशेने वळावे लागले. तात्पर्य, पूर्वी वातानुकूलित दालनात राहणारे यंत्र आता आपल्या बैठकीच्या खोलीत आले आहे, आणि त्याची देखभाल करणारी माणसे म्हणजे आपणच.

उष्णतेचा प्रवास

प्रोसेसरमधील उष्णता खोलीत पोचेपर्यंत चार टप्पे ओलांडते. पहिला टप्पा प्रोसेसरच्या पृष्ठभागापासून त्यावर दाबून बसवलेल्या हीट सिंकपर्यंतचा. हे दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी सूक्ष्मदृष्ट्या ते खडबडीत असतात व त्यांच्यामधील खळग्यांत हवा अडकून राहते. हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक होय. तांब्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे १५,००० पट आहे. म्हणून हे खळगे भरून काढण्यासाठी मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर देतात. ही पेस्ट धातूइतकी चांगली वाहक नसते, पण हवेपेक्षा ती शंभर-दोनशे पटींनी बरी असते.

दुसरा टप्पा हीट सिंकचा. तांबे वा ॲल्युमिनियम यांच्या पातळ पात्यांमधून उष्णता पसरते आणि हवेला स्पर्श करणारे क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढते. पुष्कळ यंत्रांत याच्या जोडीला तांब्याच्या बंद नळ्या असतात. त्यांच्या आत अल्प दाबाखाली थोडेसे पाणी असते. तप्त टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा द्रवरूप होते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून पाणी परत मूळ जागी येते. तिसरा टप्पा म्हणजे पंखा. तो पात्यांमधील तापलेली हवा ढकलून देऊन तेथे ताजी हवा आणतो. चौथा टप्पा कॅबिनेटमधून खोलीत आणि खोलीतून बाहेर.

हवेची किती गरज असते, याचा अंदाज साध्या गणिताने बांधता येतो. १०० वॉट उष्णता वाहून नेताना हवेचे तापमान १० अंशांहून अधिक वाढू द्यायचे नसेल, तर दर सेकंदाला सुमारे ९ लिटर हवा यंत्रातून वाहिली पाहिजे. म्हणजे पाण्याची अर्धी बादली भरेल एवढी हवा प्रत्येक सेकंदाला आत येऊन बाहेर गेली पाहिजे. कॅबिनेटच्या पाठीमागची जाळी भिंतीला टेकली असेल, तर एवढी हवा जाणार कोठून?

आपल्या घरांतील अडथळे

पंख्याला खोलीतील हवाच वापरावी लागते. त्यामुळे पंखा कितीही चांगला असला, तरी प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. समजा, पुऱ्या कामाच्या वेळी एखादा प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंशांनी अधिक तापतो. खोली २२ अंशांवर असेल, तर तो ७२ अंशांवर राहील. तीच खोली ४२ अंशांवर गेली आणि पंख्याचा वेग तोच राहिला, तर प्रोसेसर ९२ अंशांवर जाईल. अनेक प्रोसेसरांची सुरक्षित मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान ठरवलेली असते. थंड प्रदेशात जो दोष वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही, तो आपल्याकडे उन्हाळ्यात एका आठवड्यात उघडा पडतो तो याच कारणाने. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. अशा हवेत प्रोसेसरला मोकळीक फारच थोडी उरते.

दुसरा अडथळा धुळीचा. उत्तरेकडील मैदानांत उन्हाळी वावटळींबरोबर बारीक धूळ घरभर पसरते. किनारपट्टीवर हवा दमट असते, त्यामुळे धूळ पात्यांना चिकटून बसते. उदबत्तीचा व डासांच्या कॉइलचा धूर, फोडणीची तेलकट वाफ आणि गादीतील कापसाचे तंतू यांची तीत भर पडते. पंखा आणि हीट सिंक यांच्यामध्ये अशा मिश्रणाचा नमद्यासारखा थर साचतो. पंखा फिरताना दिसतो, आवाजही करतो, पण हवा पलीकडे जात नाही. मुंग्या, झुरळे आणि पाली यांनाही कॅबिनेटची ऊब आवडते, हे दुरुस्ती करणाऱ्या कोणत्याही कारागिराला ठाऊक आहे.

तिसरा अडथळा आपणच निर्माण करतो. कॅबिनेटसाठी बंद कप्पा असलेले मेज, यंत्र चालू असतानाही अंगावर राहिलेले प्लास्टिकचे वा क्रोशाचे आच्छादन, जाळीवर रचलेली पुस्तके, खिडकीतून येणारे दुपारचे ऊन, हे सर्व त्यांत मोडते. यांत विजेच्या अनियमिततेची भर पडते. विद्युतदाब उतरला की कॅबिनेटमधील एसएमपीएसला तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी अधिक प्रवाह ओढावा लागतो व तो अधिक तापतो. वीज गेली असता यूपीएसवर संगणक चालू राहतो, पण छताचा पंखा थांबलेला असतो. खोलीतील हवा साचते आणि तापत जाते.

निदान कसे करावे?

अति तापलेला प्रोसेसर प्रथम स्वतःचा वेग कमी करतो. वेगाबरोबर दाब उतरतो आणि वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे उष्णता झपाट्याने घटते. वापरणाऱ्याला मात्र संगणक 'मंद झाला' एवढेच जाणवते. तेवढ्याने भागले नाही, तर यंत्र विजेचा पुरवठा तोडते. म्हणून काम वाढल्यावर येणारा मंदपणा, पंख्याचा सततचा मोठा आवाज आणि काही मिनिटांनी होणारे अकस्मात बंद पडणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर उष्णतेचा संशय घ्यावा. बंद पडल्यावर लगेच चालू केलेला संगणक आणखी लवकर बंद पडतो आणि अर्धा तास विसावा दिल्यास जास्त वेळ टिकतो, ही उष्णतेची खास खूण होय.

संशयाची खात्री मोजमापाने करावी. प्रोसेसरच्या आत तापमापक संवेदक असतात. संगणक सुरू होताना उघडणाऱ्या बायॉसच्या पडद्यावर, किंवा त्यासाठी मोफत मिळणाऱ्या प्रणालींच्या साहाय्याने, त्यांचे आकडे वाचता येतात. परंतु केवळ प्रोसेसरचे तापमान टिपून पुरेसा बोध होत नाही. त्याच्या शेजारी खोलीचे तापमान लिहावे व दोहोंतील अंतर काढावे. डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत ७० आणि मेमध्ये ४० अंशांच्या खोलीत ९० असे आकडे आले, तर अंतर दोन्ही वेळा ५० च आहे. यंत्र जसेच्या तसे आहे, बदलला तो ऋतू. याउलट तेच काम करीत असता हे अंतर वर्षभरात ५० वरून ६५ वर गेले, तर उष्णतेची वाट कोठे तरी अडली आहे हे निश्चित. वहीत दर दोन-तीन महिन्यांनी केलेली अशी एक नोंद पुढचा मोठा खर्च वाचवू शकते.

आणखी एक सोपी कसोटी आहे. कॅबिनेटची बाजूची झडप काढून समोर टेबल-पंखा लावावा. एवढ्याने बंद पडणे थांबले, तर दोष उष्णतेचाच. मात्र हा कायमचा उपाय नव्हे. उघड्या कॅबिनेटमध्ये धूळ अधिक जाते, आणि आतील हवेचा ठरवून दिलेला प्रवाह विस्कळीत होतो.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्ती नेहमी बिनखर्ची उपायांपासून आरंभावी. प्रथम कॅबिनेट बंद कप्प्यातून बाहेर काढावे. त्याच्या मागे व जाळी असलेल्या बाजूस किमान वीतभर मोकळी जागा ठेवावी. ते जमिनीवर ठेवण्याऐवजी लहान चौरंगावर ठेवावे, म्हणजे केर आत ओढला जाणार नाही. यूपीएस त्याला चिकटवून ठेवू नये. वाळ्याचा कूलर वापरणाऱ्या घरांत खोली थंड झाल्याने संगणकालाही लाभ होतो. मात्र कूलरची ओलसर झुळूक थेट यंत्रावर येऊ देऊ नये.

त्यानंतर यंत्र विनाकारण राबते आहे काय, हे पाहावे. कोणतेही काम चालू नसताना प्रोसेसर मोठ्या प्रमाणात व्यग्र दिसत असेल, तर एखादी अनावश्यक वा घातक प्रणाली पडद्याआड चालू असू शकते. दुसऱ्याच्या संगणकावर चोरून आभासी चलनाची गणिते करणाऱ्या प्रणाली याच जातीच्या. तसेच संगणकाच्या वीजवापराच्या मांडणीत प्रोसेसरचा कमाल वेग थोडा खाली आणता येतो. लेखन, हिशेब, वाचन अशा कामांत हा फरक जाणवतही नाही, पण तापमान चांगलेच उतरते.

तिसरी पायरी सफाईची. संगणक बंद करून भिंतीतील प्लग काढावा आणि सुरू करण्याची कळ काही सेकंद दाबून धरावी, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जाईल. सफाई गच्चीत वा अंगणात करावी. सफाई करणाऱ्याने नाकावर रुमाल बांधावा. आतील भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करावा. उत्तरेकडील कोरड्या हिवाळ्यात अंगावर साठणारी स्थिर वीज सूक्ष्म मंडलांना मारक ठरू शकते. मऊ, कोरड्या कुंचल्याने पाती व जाळ्या झाडाव्यात. ब्लोअरने हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. अन्यथा पंखा भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. ओले फडके वापरू नये. एसएमपीएसची पेटी कदापि उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तीतील संधारित्रांत प्राणघातक विद्युतभार शिल्लक असू शकतो. तिची धूळ बाहेरूनच काढावी.

चौथी पायरी पंख्यांची तपासणी. वीज बंद असताना पंखा बोटाने फिरवून पाहावा. तो अडखळला किंवा खरखरला, तर बदलावा. त्याचा खर्च नव्या प्रोसेसरच्या मानाने अगदी किरकोळ असतो. बहुतेक पंख्यांच्या चौकटीवर हवेची दिशा दाखवणारा बाण असतो. समोरचे पंखे हवा आत घेणारे आणि मागचे व वरचे बाहेर टाकणारे असावेत. नवा पंखा उलटा बसवल्यामुळे आतील हवा आतच घुटमळत राहिल्याची उदाहरणे विरळ नाहीत.

एवढे करूनही अंतर घटले नाही, तर थर्मल पेस्ट सुकली असण्याचा संभव आहे. ती काही वर्षांनी कोरडी पडते. हीट सिंक काढण्यापूर्वी संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट थोडी मऊ होऊ द्यावी. मग वीज पूर्ण तोडून हीट सिंक हळूच डावी-उजवीकडे फिरवावा व नंतर उचलावा. सरळ ओढल्यास काही प्रकारचे प्रोसेसर त्याच्याबरोबर उपसून येतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावी. नवी पेस्ट मटाराच्या लहान दाण्याएवढी पुरे. जाड थर दिल्याने लाभ होत नाही, उलट अटकाव होतो. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, म्हणजे दाब सारखा बसतो. पेस्टऐवजी दात घासण्याची पेस्ट लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. ती काही दिवसांत वाळते आणि मूळ अडचण परत येते.

लॅपटॉपविषयी थोडेसे

लॅपटॉपमध्ये हाच सर्व प्रवास एक-दोन सेंटिमीटर जाडीच्या पेटीत घडतो. बहुतेकांत हवा तळाच्या फटींतून आत जाते. गादी, उशी वा रजई यांवर ठेवलेल्या लॅपटॉपच्या या फटी तत्काळ बंद होतात. तो लाकडी पाटावर किंवा मेजावर ठेवावा आणि मागची बाजू बोटभर उचलून धरणारा आधार द्यावा. त्याची लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर क्षीण होते. पाठ फुगलेली दिसली, कळफलक वर उचलला गेला किंवा झाकण नीट मिटेनासे झाले, तर वापर व भारण दोन्ही ताबडतोब थांबवावे. फुगलेली बॅटरी टोचू वा दाबू नये. तिला आग लागू शकते. ती तज्ज्ञाकडून काढून घ्यावी आणि घरच्या केरात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी.

उष्णतेचे दुष्परिणाम केवळ प्रोसेसरपुरते नसतात. मदरबोर्डवरील विद्युत-अपघटनी संधारित्रांचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारणतः निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ढोबळ नियम आहे. वारंवार अकस्मात बंद पडण्याने साठवलेल्या फायलीही खराब होऊ शकतात. म्हणून तापण्याची पहिली लक्षणे दिसताच महत्त्वाच्या कागदपत्रांची, छायाचित्रांची आणि हिशेबांची प्रत दुसऱ्या ठिकाणी काढून ठेवावी. हे काम दुरुस्तीच्याही आधीचे आहे. पंखा, पेस्ट किंवा प्रसंगी प्रोसेसरही बाजारात मिळतो. गेलेला मजकूर कोणत्याही दुकानात मिळत नाही.

सारांश, उष्णता निर्माण होणारच. ती थांबवणे आपल्या हाती नाही. तिची वाट मोकळी ठेवणे मात्र पुष्कळ अंशी आहे. वर्षातून दोनदा, उन्हाळा सुरू होण्यापूर्वी आणि पावसाळा सरल्यावर, संगणकाची सफाई करावी आणि वहीत तापमानाच्या अंतराची नोंद करावी. एवढा नेम पाळला, तर मे महिन्यातील त्या दुपारी प्रकल्प-अहवाल पुरा होण्यास उष्णतेची अडचण सहसा येणार नाही.